गावच्या दुकानात काश्मिरी चेरी: लालभडक ठेवावी की काळपट?

भाऊ, तुम्ही विचारलंय की वरुडच्या दुकानात मेअखेरीस काश्मिरी चेरी ठेवायची तर लालभडक घ्यावी की काळपट, आणि एका खेपेला किती. काळपट घ्या. पण चाखायला दिल्याशिवाय विकू नका.

आपल्याकडे बहुतेकांनी चेरी पाहिली ती केकवर. ती बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं. म्हणून गिऱ्हाइकाचा हात आधी लालभडक फळाकडे जातो. घरी नेऊन खाल्लं की आंबट लागतं, अन् ते गिऱ्हाईक पुन्हा चेरीचं नाव काढत नाही. गडद जातींत रंग लालचा काळपट होईपर्यंत झाडावरच साखर चढत जाते. तोडल्यावर संत्रा गोड होत नाही, हे वरुडच्या माणसाला सांगायला नको, चेरीचंही तेच. आंब्यासारखी आढी लावून उपयोग नाही. म्हणून मेच्या मध्यावर येणाऱ्या पहिल्या मालाला घाई करू नका, चढ्या भावासाठी त्यात कच्ची तोडणी बरीच असते. संत्र्यासाठी कुणाकडे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, असेल तर चार फळांचा रस तपासा: १६ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) खाली असेल तर सोडा, १८ च्या वर मिळाला तर बिनधास्त घ्या.

नागपूरच्या कळमना बाजारात खोका उघडला की आधी देठ बघा. हिरवा, ताठ देठ म्हणजे माल ताजा. तपकिरी, वाळला म्हणजे वाटेतच दिवस गेले. देठाजवळ चीर असेल तर तोडणीआधी पाऊस लागलाय, तिथूनच बुरशी धरते. मग दोन बोटांत दाबा, फळ टणक हवं. मखमली ही जात नावाप्रमाणेच मऊ असते, आपल्या ४४ अंशांत टिकत नाही; मिश्री किंवा डबल या जाती मागा. आकाराचं म्हणाल तर लोक मोठ्या फळाला जास्त पैसे मोजतात, हे खरं. दहाचं नाणं २७ मिलीमीटरचं असतं, त्याच्या जवळपासचं फळ मोठंच समजा. पण छोटं गोड फळ मोठ्या आंबट फळापेक्षा केव्हाही बरं.

खरं नुकसान दुकानात होतं. चेरीला शून्य ते १ अंश थंडी लागते, म्हणून फ्रीजचा सगळ्यात थंड कप्पा तिला द्या. आधी धुऊ नका, ओल राहिली की सडते. थंड फळ एकदम उन्हाळी हवेत काढलं की त्याला घाम फुटतो, म्हणून समोर एका वेळी किलोभरच मांडा, तीही सावलीत, अन् काढलेली पुन्हा आत-बाहेर करू नका. ओतताना उंचावरून टाकू नका: मार आज दिसत नाही, दोन दिवसांनी सालीवर खळगा पडतो. देठ तर तोडूच नका, त्या जागेतून रस सुटतो.

पहिली खेप पाच किलोच आणा. पाव किलोच्या डब्या भरा, नवं फळ किलोनं कुणी नेत नाही. डबी पारदर्शक हवी, देठ वर दिसू द्या, अन् शेजारी वाटीत चार धुतलेली फळं चाखायला ठेवा. बी असते हे लहान लेकरांच्या आईला आवर्जून सांगा. तीन दिवसांत डब्या संपल्या तरच दुसऱ्या खेपेला दहा किलो आणा. जूनच्या मध्यानंतर जांभळं भरपूर आली की चेरीची मागणी पडते, तेव्हा मोठी खेप भरू नका.