बीपी ‘नॉर्मल’ आहे, मग वर्षाची तपासणी कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. बाबा ५९ वर्षांचे, चार वर्षं गोळी चालू, घरी बीपी १२८/८० च्या आसपास, म्हणून ते म्हणतात तपासणी कशाला. आणि लॅबवाला ८२ तपासण्यांचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय. मी डॉक्टर नाही. पण २००८ पासून मी स्वतः गोळी घेते, आमचे हेही बीपीचेच, त्यामुळे घरात रिपोर्टांच्या दोन जाडजूड फायली आहेत. त्यावरून सांगते.

बाबांचा आकडा चांगला येतो तो गोळीमुळे. पण गोळी सुरू होण्याआधी बीपी किती वर्षं वाढलेलं होतं कोण जाणे. त्या काळात किडनीने, हृदयाने काय सोसलं ते त्या १२८ मध्ये दिसत नाही. शिवाय गोळीवरही लक्ष ठेवावं लागतं. टेल्मिसार्टनसारख्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, लघवी वाढवणाऱ्या गोळीने सोडियम-पोटॅशियम उतरू शकतं. सोडियम उतरलं की म्हातारं माणूस गळून जातं, बडबडायला लागतं, आणि घरचे म्हणतात वय झालं.

पॅकेज नको. व्हिटॅमिनं आणि कॅन्सर मार्कर बीपीसाठी दरवर्षी कोण करतं? क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी थकली की वाढतो) आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा, तो उतरला की वाईट), सोडियम-पोटॅशियम, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), ईसीजी, आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिनचं प्रमाण, म्हणजे एसीआर. झालं. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी डॉक्टर म्हणाले तर. (पडदा तपासताना थेंब घालतात, नंतर काही तास धूसर दिसतं. बाबांना स्कूटरवर एकटं पाठवू नका.)

यातली एसीआर आवर्जून मागून घ्या, कारण पॅकेजच्या लांबलचक यादीत बरेचदा नेमकी तीच नसते. साध्या लघवीच्या तपासणीत प्रोटीन ‘निल’ आलं तरी थोडं अल्ब्युमिन जात असू शकतं, आणि किडनीची पहिली तक्रार बऱ्याचदा तीच असते. ३० च्या आत हवं. ताप असेल किंवा लघवीला जळजळ असेल तर त्या आठवड्यात करू नका, उगाच जास्त येतं.

आता आमच्या घरचं. ह्यांचं क्रिएटिनिन चार वर्षांत ०.९, मग १.०, मग १.१, मग १.३ आलं. लॅबची मर्यादा १.३ पर्यंत, त्यामुळे रिपोर्टात काहीच ठळक छापून आलं नाही आणि आम्ही दरवर्षी ‘नॉर्मल’ म्हणून फाइल बंद केली. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी चारही कागद टेबलावर ओळीने मांडले. ईजीएफआर ९८ वरून ६२ वर आला होता. त्यांनी पहिला प्रश्न केला, “गुडघ्यासाठी काही घेता का?” घेत होते ना! मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आठवड्यातून चार-पाच दिवस, मला न सांगता. ही वेदनाशामकं बीपी चढवतात, आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीसोबत घेतली तर किडनीला फारच जड जातात. ती बंद केली, तीन आठवड्यांनी आकडा १.१ वर आला. तेव्हापासून मी शंभरपानी वहीत प्रत्येक वर्षाची एक ओळ लिहिते, नवा आकडा जुन्याच्या खालीच येतो. शक्यतो लॅबही तीच ठेवते.

तपासणीच्या सकाळी हमखास होणारी चूक मीही केली आहे. उपाशीपोटी यायला सांगितलं म्हणून बीपीची गोळीही घेतली नाही, वर दोन जिने चढून गेले. आला १६८/९८. डोस वाढायचाच, पण सिस्टरने विचारलं, “काकू, आज गोळी घेतलीत का?” बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्यायची, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. साखरेची गोळी मात्र खाल्ल्याशिवाय नको.

जाण्याआधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी मोजा. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, बोलायचं नाही. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू बंद. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या आत हवं. बाबांसाठी डॉक्टरांनी आणखी खालचा आकडा ठरवला असेल तर तो धरा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्ट्याने आकडा चढा दिसतो. वर्षातून एकदा मशीनही दवाखान्यात न्या आणि त्यांच्या मशीनशी ताडून बघा. दोन्ही हातांचं बीपी आणि उभं राहिल्यावरचंही घ्यायला सांगा.

मिठाबद्दल डॉक्टर विचारतील तेव्हा बाबा म्हणतील, “वरून घेत नाही.” ह्यांचंही तेच उत्तर असायचं, ताटात पापड, लोणचं आणि शेंगदाण्याची चटणी असताना. उपवासाला सैंधव चालतं म्हणतात, पण त्यातही सोडियमच असतं. आणि ‘कमी सोडियम’वालं मीठ विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-साखर तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात, बाकीचं लॅबमध्ये सुटं करा. जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असाल तर आरोग्यखर्चाच्या करवजावटीत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डी) अशा तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात, रोख दिले तरी, पावती जपा.

आणि बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांना विचारू नका काय काय घेता, कपाट तुम्हीच उघडा.