जपानी ऐकण्याचा रोजचा सराव चार दिवसांत बंद पडतो. सवय कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-फोर पातळीची तयारी चालू आहे, व्याकरण आणि कान्जी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, बऱ्यापैकी आहे, क्लासमधले सेन्सेई, म्हणजे सर, म्हणतात "ऐकणं शेवटी आपोआप जमतं", आणि हिंजवडीला गाडीवर जाता-येता इअरफोन लावून ऐकावं असा विचार आहे. सवयीबद्दल सांगतेच, पण आधी ते "आपोआप".

आपोआप काही जमत नाही. एन-फोरला १८० पैकी ९० लागतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण ऐकण्यात ६० पैकी १९ वेगळे मिळवावे लागतात. तिथे १८ पडले तर बाकीचा पेपर कितीही चांगला गेलेला असो, नापास. शिवाय ध्वनिफीत एकदाच वाजते. व्याकरणाचा प्रश्न परत वाचता येतो, वाक्य कानावरून गेलं की गेलं. झटपट उत्तराच्या प्रश्नांत तर पुस्तिकेत काहीच छापलेलं नसतं. एक वाक्य, तीन उत्तरं, सगळं कानानेच.

आमचा क्लास पेठेतल्या एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर भरायचा. सेन्सेई हाडाचे शिक्षक. कान्जीची वही लाल पेनाने अशी तपासायचे की एक रेघ आखूड पडली तरी सुटका नाही. सीडी प्लेयर मात्र कपाटावर, फडक्याखाली. परीक्षेला पंधरवडा उरला की तो खाली यायचा. वर पंख्याची घरघर, खाली रिक्षांचे हॉर्न, आणि मध्ये सीडीतली ती बाई स्टेशनवर कुणाला किती वाजता भेटायचं ते सांगतेय. रोज तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं सीडी लावूया का, असं मी एकदा विचारलं. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "आल्या आमच्या कानसेन! आधी कान्जी सुधारा, व्याकरण पक्कं झालं की कान उघडतोच." माझं कान्जी गचाळ होतं, ते खरं. पण टोमणा बसला तो बसलाच.

मग घरीच सुरू केलं. सकाळी दूध गॅसवर ठेवलं की ओट्यापासून हलता येत नाही, तेवढा वेळ माझा. मसाल्याच्या डब्याला टेकवलेला फोन, शेजारी पाठकोरे कागद. मिनिट-दीड मिनिटाचा एकच तुकडा. पहिल्यांदा नुसता ऐकायचा, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत लिहायचा, आणि मी चक्क देवनागरीत लिहायचे. मग मजकूर काढून ताडून बघायचं. जिथे चुकलंय तिथे नव्वद टक्के वेळा शब्द माहीत असतो, फक्त तो पुस्तकात असतो तसा कानावर पडत नाही. 'ताबेते शिमात्ता', म्हणजे 'खाऊन टाकलं', असं शिकलेलो असतो, माणूस म्हणतो 'ताबेचात्ता'. 'मित्तेइरु'चं 'मित्तेरु' होतं... नव्हे, 'मितेइरु' (बघतोय) याचं 'मितेरु'. बघा, जोडाक्षर नको तिथे आलं की कसा घोळ होतो. व्याकरण पक्कं होऊन हे कळत नाही, ऐकूनच कळतं. शेवटी ऑडिओबरोबर मोठ्याने म्हणायचं. घरचे हसायचे. हसू देत.

पुढे चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले. आमच्याच क्लासचा पहिला नंबर तिथे आधीपासून होता; अक्षर असं की छापलंय वाटावं. एकदा जपानहून फोन आला, स्पीकरवर. तिकडचे साहेब म्हणाले, माल 'योओका'ला निघेल. या पहिल्या नंबराने फळ्यावर ४ तारीख लिहिली. मी म्हणाले, ८. "अगं, योक्का म्हणाले ते." "नाही, योओका." चार तारीख योक्का, आठ तारीख योओका. दोन्ही तीन मात्रांचे, म्हणजे वेळ सारखाच लागतो. फरक फक्त मधल्या मात्रेत, एकात आवाज क्षणभर अडतो, दुसऱ्यात 'ओ' वाहत राहतो. एका आणि एक्का यांत मराठी माणूस कधी गोंधळत नाही, म्हणून म्हणते, देवनागरीत लिहा. मॅनेजर दोघांकडे बघत बसलेले. शेवटी मी फोनवर विचारलं, "हाचि-निचि देस ने?" हाचि म्हणजे आठ, निचि म्हणजे दिवस; आठच तारीख ना? जपानी माणसंसुद्धा खात्री करायला असंच विचारतात. पलीकडून उत्तर आलं, "हाइ (हो), हाचि-निचि." मी उठून फळ्यावरचा ४ पुसला. चार दिवस आधी टेम्पो लावून बसलो असतो.

एन-टू, म्हणजे एन-फोरच्या दोन पायऱ्या वरची पातळी, झाल्यावर पेढे घेऊन सेन्सेईंकडे गेले तेव्हा हा किस्सा सांगितला. पेढा खाल्ला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्याच्या बाजूला आवाज नीट येत नसेल. फोन खराब असेल." बाजूला! एकाच टेबलाला बसलो होतो आम्ही.

असो. तुमची सवय मोडते कारण तुम्ही तिला वेळ देताय, जागा देत नाही. "रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास" हे पहिल्या पाहुण्यालाच मोडतं. जे काम टळतच नाही आणि ज्यात तोंड-डोळे मोकळे असतात, त्याला हे बांधा. ऑडिओ आदल्या रात्रीच फोनवर उतरवून ठेवा. सकाळी शोधायला बसलात की रील्स बघत बसाल. काय ऐकू म्हणून महिनाभर शोध घेऊ नका. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर २०१२ आणि २०१८ चे सराव-संच ऑडिओ आणि मजकुरासकट फुकट आहेत, तिथून सुरुवात करा. एक तुकडा दोन-तीन दिवस चालवा. कंटाळा येईल, येऊ दे. दिवसभर मागे जपानी रेडिओ चालू ठेवून कान तयार होतो म्हणणारे लोक मला भेटलेत. त्यांचा कान पंख्यालाही तसाच तयार झालेला असतो. ॲनिमे खाली इंग्रजी पाट्या लावून बघणं हे वाचन आहे. बघा खुशाल, सरावात धरू नका.

गाडीवर इअरफोन अजिबात नको. चांदणी चौकातल्या ट्रकला तुमचा एन-फोर माहीत नाही. कंपनीची बस असेल तर ती धरा.

एक सांगायचं राहिलं. तुम्हाला लेखी भाषांतराचं काम करायचं असेल तर माझं फार मनावर घेऊ नका, तिथे कान्जीवाल्यांचंच राज्य आहे. माझे जपानी मेल आजही तोच पहिला नंबर तपासून देतो, आणि बरंच लाल करतो. एन-टूलाही वाचनाने मला घाम फोडला होता. तेव्हा वही बंद करू नका. पण तुमच्या सेन्सेईंना सांगा, सीडी आजपासून लावा म्हणावं.

आणि आमचे सेन्सेई हे वाचत असतील तर, सर, फोन खराब नव्हता.