मिश्री सोडल्यावर हिरड्यांतून रक्त का येते, आणि दात साफ केल्याने ते हलतात का?

तासगावहून आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: आईंचे वय ५४, दहा वर्षांपासून मधुमेह, तीन महिन्यांपूर्वी मिश्री सोडली आणि तेव्हापासून दात घासताना रक्त येते, खालचे पुढचे दोन दात हलतात, दंतवैद्यांनी भूल देऊन हिरडीखालची सफाई करायला सांगितली आहे, परंतु ‘मिश्री होती तोवर हिरड्या घट्ट होत्या’ आणि ‘दात साफ केले की ते खिळखिळे होतात’ असे शेजारणींनी सांगितल्यामुळे आई तयार होत नाहीत. आपल्याही हिरड्यांतून अधूनमधून रक्त येते, असे आपण शेवटी लिहिले आहे. मी सांगलीत बरीच वर्षे दंतवैद्यक व्यवसाय करते आणि ही दोन्ही वाक्ये मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतात. शेजारणींना जे दिसले ते खरे आहे. त्यावरून काढलेला अर्थ तेवढा चुकीचा आहे.

आधी मिश्रीविषयी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून केलेली ही पूड आहे, आणि तिच्यातले निकोटीन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे फार स्पष्ट दिसते: आत हाड झिजत असते, पण हिरडी फिकट आणि घट्ट दिसते व रक्त कमी येते, व्यसन सुटले की काही आठवड्यांत रक्तपुरवठा पूर्ववत होऊ लागतो आणि दडलेली सूज बाहेर दिसू लागते. मिश्रीच्या बाबतीत आणखी एक साधे कारण असते. सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांची बाहेरची बाजू तरी चोळली जात होती. मिश्री गेली, बोट थांबले, आणि रक्ताच्या भीतीने ब्रशही हलका झाला, त्यामुळे दातांवरचा जिवाणूंचा चिकट थर वाढला. म्हणून आताचे रक्त हे मिश्री सोडल्याचे दुष्परिणाम समजू नये, आणि ते थांबवण्यासाठी पुन्हा डबी उघडणे तर अजिबात नको. आईंनी इतक्या वर्षांची सवय सोडली, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अवघड गोष्ट होती आणि ती त्यांनी केलेली आहे, हे त्यांना घरातून कोणीतरी सांगायला हवे. जिथे मिश्री लावून ठेवली जात असे, त्या जागेची गालाची व ओठाची आतली बाजूही तपासून घ्यावी. पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर हिरड्यांच्या आधी तिच्याकडे लक्ष द्यावे लागते.

आता दुसरे वाक्य. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेखाली, लाळग्रंथींची तोंडे उघडतात. लाळेतल्या क्षारांमुळे तिथला मऊ थर लवकर घट्ट होतो आणि त्याचे कीटण बनते. वर्षानुवर्षे सफाई झाली नाही, तर त्याचा चार-सहा दातांमागून जाणारा एक सलग पिवळट-तपकिरी पट्टा तयार होतो. हिरडीखाली, जिथे आरशात दिसत नाही, तिथे हेच कीटण काळसर आणि चिवट असते. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर जिवाणूंचे थर बसतात, शरीर त्यांच्याशी झगडत राहते, आणि त्या झगड्यात दाताला धरणारे तंतू व हाड विरघळत जाते. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच. हाड अर्धे गेलेले असले, तरी बाहेरचा कीटणाचा पट्टा दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. तो काढला की जे आधीच झालेले आहे ते कळते: दात हलतो, फटी दिसतात, थंड पाणी झोंबते. सूज उतरल्यावर हिरडी थोडी खाली बसते, म्हणून दात लांब झाल्यासारखेही वाटतात. सफाईनंतर हलणे काही दिवस जाणवते. तंतू पुन्हा घट्ट होऊ लागले की बऱ्याच दातांमध्ये ते कमी होते. पट्टा तसाच ठेवला, तर मात्र दात एक दिवस कीटणासकट हातात येतो, आणि असे दात पदराच्या गाठीत बांधून घेऊन आलेल्या आजी मी पाहिल्या आहेत.

आईंचे दंतवैद्य पहिल्या भेटीत एक बारीक, खुणा केलेली सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीत हलकेच उतरवतील. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर जाते. ४ किंवा त्याहून अधिक खोल गेली आणि रक्त आले, तर तिथे कप्पा तयार झाला आहे असे मानतात. एक्स-रेमध्ये हाडाची उंची कळते. मग भूल देऊन कप्प्यांतले कीटण काढून मुळे गुळगुळीत केली जातात. त्यानंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांनी सगळे आकडे पुन्हा मोजायचे असतात. ही दुसरी मोजणी टाळू नये, कारण शस्त्रक्रियेची गरज आहे की नाही हे तेव्हाच ठरते, आणि बहुतेक कप्प्यांना ती लागत नाही. गेलेले हाड सहसा परत येत नाही. उपचार उरलेले टिकवण्यासाठी असतो. पुढे दर तीन-चार महिन्यांनी देखभालीची सफाई लागते.

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. साखर वाढलेली असली की हिरडी लवकर भरत नाही, आणि हिरडीतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी सुमारे ०.४ टक्के उतरते, असे अनेक चाचण्या एकत्र पाहता दिसते. म्हणून अलीकडचा तो रिपोर्ट सोबत न्यावा. भेट सकाळची घ्यावी, न्याहारी व नेहमीची औषधे घेऊनच जावे. उपाशी जाऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगावी, पण स्वतःहून बंद करू नये. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू असेल तर तेही सांगावे, कारण त्याने काहींच्या हिरड्या फुगतात.

खर्चाची अडचण असेल, तर सांगलीतील भारती विद्यापीठाच्या किंवा कराडच्या कृष्णा विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ अधिक जातो.

घरी ब्रश मऊच हवा. तो दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर तिरका टेकवून जागच्या जागी हलवायचा, दोन मिनिटे, दिवसातून दोनदा, आणि रात्रीची वेळ चुकवायची नाही. आईंच्या दातांत फटी असतील, तर दातांमधून फिरवायच्या धाग्यापेक्षा (फ्लॉस) फटीत जाणारा छोटा ब्रश उपयोगी पडतो. सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी बंद. रक्त येते ती जागा सोडून देण्याऐवजी तिथेच नीट घासावे. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पाण्याने चूळ भरायला सांगितली असेल, तर ती पेस्टनंतर अर्ध्या तासाने भरावी आणि सांगितलेल्या मुदतीपलीकडे चालू ठेवू नये, कारण दात तपकिरी होतात. तुरटीच्या पाण्याने रक्त थांबते, पण आतले कीटण तसेच राहते. मिठाच्या कोमट पाण्याला हरकत नाही. आपल्या सांगलीची हळदही सूज थोडी कमी करत असेल, परंतु दगडासारखे झालेले कीटण हळदीने निघत नाही.

आपल्या स्वतःच्या हिरड्यांबद्दल काळजीपेक्षा घाई करावी. हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमधील आरहूस येथून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणांना दात घासणे थांबवायला सांगितले होते. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. हाडाला धक्का लागण्यापूर्वीचा टप्पा असा पूर्ण उलटतो. तपासणी आईंच्याच दिवशी करून घ्यावी.

त्या हलणाऱ्या दोन दातांचा निर्णय आज करू नये. फक्त पुढे-मागे हलत असतील, तर सफाईनंतर बारीक तारेने शेजारच्या दातांशी बांधून ते बरीच वर्षे वापरता येतात. दाबल्यावर खाली-वर होत असतील किंवा मुळापर्यंत हाड उरले नसेल, तर काढावे लागतील. दुसऱ्या मोजणीचे आकडे आल्यावर दंतवैद्यांना हे स्पष्ट विचारावे.