तारे आठवण ठेवतात, वायू विसरतो

सप्रेम आशीर्वाद.

आकाशगंगेच्या गतीचा अभ्यास करायचं तू ठरवलंस हे वाचून मनापासून आनंद झाला. सुरुवात कुठून करावी, असं विचारलं आहेस. माझं उत्तर: कागद-पेन्सिल घेऊन एक छोटं गणित सोडव, मगच पुस्तकं उघड.

सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून साधारण 26,000 ते 27,000 प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला 230 किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरतो. कक्षा वर्तुळाकार आहे असं तूर्त धरून चाल. वेगाच्या वर्गाला त्रिज्येनं गुण आणि गुरुत्व स्थिरांकानं भाग. सूर्याच्या कक्षेच्या आत किती वस्तुमान असायला हवं ते यातून मिळतं. उत्तर सुमारे 100 अब्ज सूर्यांइतकं येईल. केंद्रातलं प्रचंड कृष्णविवर मात्र जेमतेम 43 लाख सूर्यांच्या वजनाचं आहे. त्याच्याभोवती सगळी आकाशगंगा फिरते, हे वाक्य तुला जागोजागी वाचायला मिळेल. तुझंच गणित सांगेल की ते खरं नाही. आपल्याला धरून ठेवतं ते सर्वत्र पसरलेलं एकत्रित वस्तुमान.

आता त्रिज्या वाढवत जा. सूर्यमालेत जितकं दूर जावं तितका ग्रहांचा वेग मंदावतो. दीर्घिकांत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांत, तसं होत नाही. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी 1970 साली शेजारच्या देवयानी दीर्घिकेचे वेग प्रसिद्ध केले. कडेकडे जातानाही ते अपेक्षेप्रमाणे घसरत नव्हते. पुढे रेडिओ दुर्बिणींनी इतर दीर्घिकांत, ताऱ्यांची तबकडी संपते त्याच्याही पलीकडचा हायड्रोजन मोजला. तोही तितक्याच वेगानं धावत होता. दिसणाऱ्या पदार्थाच्या कितीतरी पट न दिसणारा पदार्थ आहे, असं बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात, त्याचं हे एक मोठं कारण. या न दिसणाऱ्या पदार्थाचे, म्हणजे कृष्णपदार्थाचे, कण अजून कोणाच्या हाती लागलेले नाहीत, हे मात्र विसरू नकोस.

वायूचा वेग समजतो कसा? थंड हायड्रोजनचा अणू 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. एकटा अणू हे काम सरासरी कोटीभर वर्षांत एकदाच करतो, पण अणू इतके अगणित आहेत की संकेत अखंड येत राहतो. व्हॅन डी हुल्स्ट यांनी 1944 मध्ये त्याचं भाकीत केलं आणि 1951 मध्ये युएन आणि पर्सेल यांनी तो पकडला. धुळीमागे लपलेला आकाशगंगेचा बराचसा भाग या लहरीमुळे खुला झाला, कारण धूळ तिला अडवत नाही. लहर 21 सेंटिमीटरहून किंचित लांब भरली तर वायू दूर जातो आहे, आखूड भरली तर जवळ येतो आहे.

इथून पुढचा भाग मला सर्वांत प्रिय आहे. वायूचे ढग एकमेकांवर आदळतात, तापतात, ती उष्णता प्रकाशरूपानं बाहेर टाकतात आणि पुन्हा शांत होतात. त्यामुळे वायू पातळ थरात बसतो आणि पूर्वी काय घडलं ते पुसून टाकतो. तारे एकमेकांवर जवळजवळ कधीच आदळत नाहीत, त्यांच्यामधली अंतरंच तेवढी अफाट आहेत. एखाद्या ताऱ्याला तिरका वेग मिळाला की तो वेग अब्जावधी वर्षं टिकतो. आकाशगंगेचा इतिहास वाचायचा असेल तर ताऱ्यांकडे जा आणि आज तिथे काय चाललं आहे ते बघायचं असेल तर वायूकडे.

सर्पिल फाट्यांवर, म्हणजे तबकडीत केंद्राभोवती वळत गेलेल्या तेजस्वी पट्ट्यांवर, दोघांचं हे वेगळेपण उघड दिसतं. सूर्याला एक फेरी मारायला साधारण 22 कोटी वर्षं लागतात. वेग तोच असेल तर निम्म्या त्रिज्येवरचा तारा तेवढ्यात दोन फेऱ्या मारतो. फाटे कायम त्याच त्या ताऱ्यांचे आणि वायूचे बनलेले असते, तर थोड्याच फेऱ्यांत गुंडाळून ओळखू न येण्याजोगे झाले असते. लिन आणि शू यांनी 1964 मध्ये मांडलं की फाटा ही घनतेची लाट आहे, पदार्थ तिच्यातून ये-जा करतो. ही लाट दीर्घकाळ टिकते की फाटे उमटतात आणि विरतात, यावर आजही वाद आहे. पण एखाद्या सर्पिल दीर्घिकेचं चांगलं छायाचित्र समोर ठेव आणि फाट्याची आतली कड निरखून बघ. तिथे धुळीची काळी रेघ दिसेल, तिथे वायू दाबला जातो. तिच्या लगत गुलाबी तेजोमेघ, म्हणजे चकाकणाऱ्या वायूचे ढग, मग निळे तारे. ते निळे तारे काही दशलक्ष ते काही कोटी वर्षंच जगतात, म्हणून फाट्यापासून फार दूर जाण्याआधीच संपतात. आपल्या सूर्यासारखे तारे मात्र फाटे ओलांडत पुढे जात राहतात.

आणि ती वर्तुळाकार कक्षा? ती फक्त पहिल्या गणितापुरती. सूर्य फिरता फिरता किंचित आत-बाहेर जातो, तबकडीच्या वर-खालीही डोलतो. 2018 मध्ये, ताऱ्यांची स्थानं आणि वेग मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांतून दिसलं की आसपासच्या ताऱ्यांचं हे डोलणं विस्कळित नाही. ताऱ्याची तबकडीपासूनची उंची आणि त्याचा उभा वेग आलेखावर मांडले तर त्यात गोगलगायीच्या शंखासारखं वळण उमटतं. तबकडीला काही दशकोटी वर्षांपूर्वी धक्का बसला असावा. संशय मुख्यतः धनू बटुदीर्घिकेवर, आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या एका छोट्या दीर्घिकेवर, आहे, मात्र एकट्या तिनं हे सारं जमतं का यावर एकमत नाही. तिकडे मोठा मॅगेलन मेघ, ही आणखी एक शेजारची दीर्घिका, तीही स्वस्थ नाही. तिच्या ओढीनं आकाशगंगेचा आतला भाग बाहेरच्या प्रभामंडळाच्या, म्हणजे तबकडीला दूरवर वेढणाऱ्या विरळ ताऱ्यांच्या आणि कृष्णपदार्थाच्या गोलाच्या, तुलनेत सरकतो आहे. म्हणून कुठलाही वेग वाचलास की आधी विचार, हा कशाच्या सापेक्ष? सूर्याच्या, केंद्राच्या की त्या दूरच्या प्रभामंडळाच्या? हे न विचारता काढलेल्या निष्कर्षांवर मी विश्वास ठेवत नाही, तूही ठेवू नकोस.

गायाची मोजमापं कुणालाही मोफत मिळतात. 2022 च्या संचात 3 कोटींहून अधिक ताऱ्यांचे आपल्याकडे येण्याचे किंवा दूर जाण्याचे वेगही आहेत. सूर्याजवळचे तारे घेऊन तो उंची आणि उभ्या वेगाचा आलेख तू स्वतः काढ. नुसत्या ताऱ्यांच्या संख्येवरून वळण अंधुक दिसेल. प्रत्येक ठिपक्याला केंद्राभोवती फिरण्याच्या वेगानुसार रंग दे, म्हणजे ते उठून येईल. तारे किती अंतरापर्यंतचे घेतलेस आणि सूर्याचा स्वतःचा वेग किती धरलास, हे आलेखाखाली लिहून मला पाठव.

तुझी हितचिंतक