कॉन्टेक्स्ट, रेफरन्स आणि एकटा ‘संदर्भ’

सांगलीत विश्रामबागेत मोबाइल ॲप विकसित करायला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, ‘व्ह्यूमॉडेलमधून ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट कसा मिळवावा’ हे मराठी टिपणात लिहिताना कॉन्टेक्स्टला काय म्हणावे. व्ह्यूमॉडेल म्हणजे पडद्यावर दाखवायची माहिती सांभाळणारा ॲण्ड्रॉइड ॲपचा भाग.

संदर्भच म्हणावे. ‘अर्जाचा संदर्भ’ मात्र मुळीच लिहू नये. अर्ज कचेरीत करतात, आणि येथे ॲप्लिकेशन म्हणजे अख्खे ॲप आहे.

‘सम्’ आणि ‘दृभ्’ मिळून संदर्भ झाला. दृभ् म्हणजे गुंफणे. दर्भ हा शब्दही याच धातूपासून आल्याचे मानतात. बाराव्या शतकातील गीतगोविंदकार जयदेवाने ‘संदर्भशुद्धि’ म्हटले, तेव्हा त्याला शब्दांची निर्दोष गुंफण अभिप्रेत होती. कॉन्टेक्स्टच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ एकत्र विणणे असा आहे, आणि टेक्स्टाइल हा शब्द त्याच कुळातला असल्यामुळे विट्याच्या यंत्रमागांशीही त्याचे नाते लागते. ॲण्ड्रॉइडमधील कॉन्टेक्स्ट ॲपच्या घटकांना संसाधने, फायली आणि प्रणालीच्या सेवा यांच्याशी जोडून देतो, म्हणून गुंफणीचा हा शब्द त्याला नेमका शोभतो. काही जाणकार ‘परिवेश’ सुचवतात, ते मला अजिबात मान्य नाही: परिवेश बाहेरून वेढतो, तो काहीही गुंफत नाही, आणि एन्व्हायर्नमेंटसाठी तो राखून ठेवणेच योग्य आहे.

खरा घोटाळा संदर्भग्रंथापासून सुरू होतो, कारण त्याच्या सवयीने आपण रेफरन्सलाही, म्हणजे मेमरीतील वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यालाही, संदर्भ म्हणू लागलो. मग ‘व्ह्यूमॉडेलने ॲक्टिव्हिटीच्या संदर्भाचा संदर्भ बाळगू नये’ असे वाक्य तयार होते (ॲक्टिव्हिटी म्हणजे ॲपचा एक पडदा) आणि सर्वांत महत्त्वाचा नियमच दुर्बोध होतो. माझे आग्रहाचे मत असे की, संगणकाच्या मराठीत रेफरन्सला ‘निर्देश’ म्हणावे. फोन आडवा केल्यावर जुनी ॲक्टिव्हिटी सहसा नष्ट होऊन नवी तयार होते, पण व्ह्यूमॉडेल टिकून राहते. त्याने जुन्या ॲक्टिव्हिटीचा निर्देश धरून ठेवला, तर तिने व्यापलेली मेमरी मोकळी होत नाही.

ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट, म्हणजे अख्ख्या ॲपचा संदर्भ, ॲपची प्रोसेस चालू असेपर्यंत टिकतो, त्यामुळे हा धोका तेथे नसतो, आणि ॲण्ड्रॉइडव्ह्यूमॉडेल हा तयार वर्ग (क्लास) ‘गेटॲप्लिकेशन’ या पद्धतीने (मेथडने) तो हाती देतो. तरीही ॲण्ड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनानुसार साधे व्ह्यूमॉडेलच वापरावे आणि कॉन्टेक्स्ट लागणारे काम डेटाच्या किंवा यूआयच्या (पडद्यावरील मांडणीच्या) थराकडे सोपवावे. तेव्हा टिपणात असे लिहावे: ‘व्ह्यूमॉडेलने ॲक्टिव्हिटीच्या संदर्भाचा निर्देश बाळगू नये; गरजच पडली, तर ॲपचा संदर्भ घ्यावा.’