फरशीतील शिंपले कसे ओळखावेत?

प्रश्न : स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी पिवळसर तपकिरी रंगाचा पॉलिश केलेला दगड घेतला असून त्यात पांढऱ्या चंद्रकोरी आणि वेटोळी दिसतात. दुकानदार त्यांना शिंपले म्हणतो. ते खरे आहेत का, आणि असा दगड पन्हाळ्याच्या बाजूला सापडतो का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दगड कापताना करवत शिंपल्याला जशी छेदून जाते तसाच त्याचा आकार पृष्ठभागावर दिसतो, त्यामुळे अख्खा शिंपला शोधत बसू नये. पातळ, वक्र आणि रेखीव कडांची पांढरी रेघ हा बहुधा शिंपल्याचा छेद असतो. वेटोळ्याच्या आत आडव्या पडद्यांनी पाडलेले कप्पे भिंगातून दिसले, तर तो अ‍ॅमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचा शंख असण्याची शक्यता मोठी आहे. शिंपले खऱ्या दगडातील असतील, तर ते कापलेल्या कडेवरही दिसतात. छापील टाइलची नक्षी मात्र पृष्ठभागापुरतीच असते.

शिंपल्यांचा असा दगड बहुधा चुनखडक असतो; त्याच्या खात्रीसाठी मागील, पॉलिश नसलेल्या बाजूवर थोडी भुकटी खरवडून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा; बारीक बुडबुडे येतील. पुढील बाजूवर हा प्रयोग करू नये, कारण आम्लाने पॉलिश जाते. लिंबू, चिंच आणि आमसूल यांचेही तेच, म्हणून आम्ही ओट्यासाठी हा दगड सुचवला नसता.

पन्हाळ्याला तो सापडणार नाही. तेथे लाव्हारसापासून झालेला काळा पाषाण आणि वर जांभा आहे. काळ्या दगडातील पांढरे ठिपके म्हणजे वायूच्या पोकळ्यांत नंतर साचलेली खनिजे होत, आणि त्यांपैकी कॅल्साइट आम्लाने फसफसत असल्याने केवळ बुडबुड्यांवर विसंबू नये. आपल्याकडे घरोघरी असलेली शहाबादी फरशी चुनखडकाचीच, परंतु कवचधारी प्राणी अवतरण्यापूर्वीची असल्यामुळे तिच्यात शिंपले नसतात.

आपल्या वर्णनाचा दगड राजस्थानात जैसलमेरजवळील हाबूर येथे मिळतो. तेथील थर क्रिटेशियस काळातील (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) समुद्रात साचले. तुकडे अस्ताव्यस्त पडलेले असतील, तर लाटांनी किंवा वादळाने ते ढवळले असावेत; दोन्ही झडपा मिटलेला शिंपला मात्र बहुधा लवकर गाळाखाली गेलेला असतो. अ‍ॅमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले, म्हणून कप्प्यांचे वेटोळे निश्चित ओळखता आले, तर दगडाचे वय साधारणतः त्याहून कमी असू शकत नाही.