डायलिसिसवरचा पुरुष सांगत नाही, तूच विचार

प्रिय डॉक्टर,

तुझे केसपेपर वाचले. ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), पोटॅशियम, हिमोग्लोबिन, फिस्चुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी), सगळं चोख. लैंगिक तक्रारीबद्दल मात्र कुठेही एक ओळ नाही. डायलिसिसवरच्या निम्म्याहून अधिक पुरुषांना लिंगाला पुरेशी ताठरता न येण्याचा त्रास असतो. तुझ्याच युनिटमध्ये तो कुणालाच नाही, असं कसं होईल? "फार अशक्तपणा वाटतो" एवढंच ते म्हणतात, आणि आपण लोहाचं इंजेक्शन लिहून पुढच्या खाटेकडे वळतो.

म्हणून तूच विचार. मशीनवर असताना नको, शेजारच्या खाटेवरचे कान टवकारलेले असतात. ओपीडीत, दार लावून, नातेवाइकांना जरा बाहेर बसवून विचार: "किडनीच्या आजारात बऱ्याच जणांना संबंधाच्या वेळी अडचण येते, तुम्हाला येते का?" पत्नीला बोलवायचं की नाही, ते त्याला ठरवू दे.

कारण सापडलं की तिथेच थांबू नकोस. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी, प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक जास्त, मधुमेहाने बिघडलेल्या नसा आणि रक्तवाहिन्या, ॲनिमिया, नैराश्य हे बहुधा एकत्रच नांदतात. औषधांची यादी बोट ठेवून वाच. ताठरता कमी करणारी काही बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन ही बीपीची औषधं आपणच लिहिलेली असतात. ताठरता कमी होणं ही हृदयविकाराची आगाऊ खूणही असू शकते. छातीत दुखतं का, दम लागतो का, हे विचारल्याशिवाय गोळीचं नाव काढू नकोस.

ताठरतेसाठी सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) देता येतं, सुरुवात 25 मिलिग्रॅमने. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याला अजिबात नाही. जिभेखालची गोळी खिशात बाळगणाराही त्यातच आला, आणि "कोणती औषधं घेता?" या प्रश्नाला तो ती हमखास विसरतो! प्राझोसिनसारखं बीपीचं औषध चालू असेल तर बीपी धाडकन उतरू शकतं. डायलिसिसच्या दिवशी तर ते आधीच डळमळीत असतं, त्या दिवशी गोळी टाळलेली बरी. 'ताकदीच्या' पुड्यांबद्दलही विचार, कारण अशा काहींत सिल्डेनाफिलचीच भेसळ सापडलेली आहे. रागावू मात्र नकोस, पुढच्या वेळी तो लपवेल.

मूल हवं असणाऱ्याशी वेगळं बोल. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटतात. प्रत्यारोपणानंतर बऱ्याच जणांत सुधारणा होते, सगळ्यांत नाही. अशा माणसाला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन लिहू नकोस, त्याने शुक्राणू आणखी घटतात. त्याला आधी अँड्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे पुरुषांच्या प्रजनन-तज्ज्ञाकडे पाठव.

तुझा,
सर